पद्मिनीचा डायनामो आणि तापकीर गल्ली

जुन्या मोटारीचे सुटे भाग हवे असतील तर पुणेकर नाना पेठ गाठतो. वायर, थिंबल, सोल्डरिंगचे सामान हवे असेल तर मात्र बुधवार पेठेतील तापकीर गल्ली. आजचा धागा या गल्लीतून सुरू होतो, कारण प्रश्न वायरचाच आहे : प्रीमियर पद्मिनीचे वायरिंग बदलले, तर तिचा इतिहास पुसला जातो का?

आधी थोडे मागे जाऊ. फियाट ११००डी इटलीत १९६२ साली आली आणि १९६६ मध्ये तिची जागा पुढच्या मॉडेलने घेतली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला कारखान्यात मात्र तीच गाडी १९६४ पासून तयार होऊ लागली, १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ झाली आणि शतक सरेपर्यंत टिकली. परवाना-राज्यात आयात जवळजवळ बंद, उत्पादक मोजके. आराखडा बदलण्याची निकड कोणाला असणार?

सुरुवातीच्या गाड्यांत डायनामो असे. इंजिन मंद फिरत असताना तो जेमतेम वीज देतो. बॅटरी उलट त्याच्यात रिकामी होऊ नये म्हणून कटआउट जोडणी तोडतो. रेडिएटरचा पंखाही पट्ट्यावर चालणारा, म्हणजे गाडी खोळंबली की तोही मंदावणार, आणि वारा तर नेमका तेव्हाच नसतो. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आपल्या आजोबांना आठवत असतील!

उपाय म्हणून विजेचा पंखा बसवतात. पण तो दहाएक अँपिअर ओढतो, तेही डायनामो हतबल असताना. म्हणून आधी अल्टरनेटर, मग बॅटरीपासून स्वतंत्र फ्यूज आणि रिलेमार्फत जाड वायर. थंडावा आणि वीज ही दोन कामे नव्हेतच.

आता पेच. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार नसलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, आणि ती रोज वापरता येत नाही. १९७४ च्या पद्मिनीने पन्नाशी ओलांडली आहे.

माझे मत वापराच्या बाजूने आहे. कारखान्याने जे लांबवले ते मालकांनी आणि वायरमननी केले, तोही या गाडीचा इतिहासच. फक्त काढलेला डायनामो भंगारात देऊ नका. कटआउटसह डिकीत ठेवा, आणि बदलाची तारीख चिठ्ठीवर लिहून त्याला बांधा.