दिवाळीचा रिबेट

माझी नोकरी सहकारी संस्थांची दप्तरं तपासण्यात गेली. ग्राहक भांडाराचं दप्तर समोर आलं की मी नफातोटा पत्रकाआधी उधारीची यादी मागायचो. ती यादी लांबत चालली की समजायचं, भांडाराचे दिवस भरले.

दुखणं जुनंच. इंग्लंडात रॉचडेलला १८३३ साली निघालेलं असंच एक दुकान उधारीपायी दोन वर्षांत बसलं. त्यावरून शहाणे होऊन २८ जणांनी २१ डिसेंबर १८४४ ला टोड लेनमध्ये पुन्हा दुकान थाटलं. माल काय, तर लोणी, साखर, पीठ, मेणबत्त्या. विक्री रोखीनं आणि भाव बाजाराचाच. उरलेला नफा ज्याची जेवढी खरेदी, त्या प्रमाणात परत; तोच आपला रिबेट. भाग कितीही घ्या, मत एकच. सगळी मेख 'भाव बाजाराचाच' यात आहे, असं माझं मत. पहिल्या दिवसापासून स्वस्त विकायला निघालेली भांडारं एका वाईट हंगामात आडवी झालेली मी पाहिली आहेत.

आपल्याकडचा १९०४ चा कायदा पतपेढ्यांपुरता होता. भांडारांना रीतसर वाट मिळाली १९१२ मध्ये. नायगावला गिरणी कामगारांनी १९४८ साली सुरू केलेल्या भांडारातून पुढे 'अपना बाजार' उभा राहिला. कामगाराचा पगार महिन्यानं आणि वाण्याची वही रोजची. माप कमी भरलं तरी बोलायची सोय नसे, कारण मागची बाकी डोक्यावर. सभासदाचा पहिला फायदा हाच, की वजनावरून भांडता येई.

दुसरा फायदा सावकाश दिसे. समजा, घरात महिन्याला ४० रुपयांचं वाणसामान लागतं. वर्षाचे झाले ४८०. त्यावर ३ टक्के रिबेट म्हणजे १४ रुपये ४० पैसे. दहा रुपयांच्या भागावर ९ टक्क्यांनी लाभांश मात्र ९० पैसे. पैसा भागात नव्हे, खरेदीत होता. आमची आई पावत्या तारेच्या आकड्यात ओवून ठेवायची. भांडाराच्या नोंदींवर तिचा काडीचा विश्वास नव्हता, आणि दिवाळीला रिबेट घेताना हिशेब बहुतेक वेळा तिचाच बरोबर निघायचा.

महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी कायद्यानं लाभांशाला वेस घातली आणि नफ्याचा चौथा हिस्सा गंगाजळीत टाकायला लावला. म्हातारपणी भाग परत करायला आलेले सभासद दहाचे दहाच हातात पडले म्हणून तणतणत. त्यांच्या खात्याची जुनी पानं काढून वर्षावर्षाच्या रिबेटची बेरीज दाखवली की निम्मे गप्प होत. उरलेले पुढच्या सर्वसाधारण सभेत पहिल्या रांगेत येऊन बसत.