कारंजें आणि करंजी

अख्खें गोमांस मैद्याच्या पारींत गुंडाळून भट्टींत भाजावयाचें, या नाताळच्या इंग्रजी पक्वान्नास ‘वेलिंग्टन’ म्हणतात. १८०३ सालीं असईस शिंदे-भोसल्यांचा पराभव करणारा सेनापतिच पुढें वेलिंग्टनचा ड्यूक झाला. परंतु त्यानें हें पक्वान्न कधीं चाखल्याचा पुरावा नाहीं. तो १८०१ व १८०४ सालीं मुंबईस आला होता, म्हणून १८६५ सालीं त्याच्या स्मरणार्थ येथें एक कारंजें उभारलें. तें रीगल चित्रगृहासमोर आहे.

याच मुंबईंत, गिरगांवांतील पाठारे प्रभूंच्या घरीं कोळंबीचें सारण भरून करंज्या तळीत. भाजावयास भट्टी नसे. म्हणून भानोल्याच्या पातेल्याखालीं निखारे आणि झांकणावरही निखारे ठेवीत. ही विद्या चुलीपाशीं सासूकडून सुनेकडे जाई. लक्ष्मीबाई धुरंधर यांनीं १९१० सालीं ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हां तींतील पुष्कळ भाग सामिष पदार्थांसह छापून टिकला.

न रांधलेल्या पदार्थानें सेनापतीचें नांव राखलें. पिढ्यान् पिढ्या रांधणाऱ्या बहुतेक स्त्रियांचीं नांवें मात्र धुरांत विरलीं. वाचकांनीं घरच्या वडीलधाऱ्या बायकांच्या कृति त्यांच्या नांवांनिशीं लिहून ठेवाव्या. इतिहासाचें तेंही एक साधन होय, असें आम्हांस वाटतें.