नव्या आवृत्तीतला जुना आवाज

‘अवेकन द गार्डियन’ हा अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या ‘फेट्स वॉर्निंग’ या बँडचा तिसरा अल्बम, १९८६ सालचा. त्याच वर्षी मेटॅलिकाचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ आणि स्लेयरचा ‘रेन इन ब्लड’ हे अल्बम आले. त्यामुळे हेवी मेटलच्या इतिहासात हे वर्ष थ्रॅशच्या, म्हणजे वेगाच्या आणि घणाघाताच्या, खात्यावर जमा होते. मीही बरीच वर्षे तसेच मानत होतो. माझे मत बदलले ते या अल्बमच्या २००५ च्या आवृत्तीमुळे.

मूळ अल्बम ब्रायन स्लेगलच्या मेटल ब्लेड कंपनीने काढला. त्यात रचना आठच. जिम मॅथिओस वाद्यांची बांधणी करी आणि गायक जॉन आर्च तिच्यावर आपली चाल व शब्द रचत असे. या संगीतात गायक सहसा गिटारच्या मागोमाग जातो. आर्च जात नाही. ‘गार्डियन’ किंवा ‘एक्सोडस’ ऐकावे: गिटारचे वाक्य संपते तेव्हा त्याचे अजून निम्म्यावर असते, मात्रा बदलतात तरी तो आपल्याच चालीने पुढे सरकतो. समेची वाट पाहणारा आपला कान पहिल्या दोन-तीन वेळा चुकतोच. त्याचा तारस्वर पुष्कळांना कर्कश वाटतो. कधी कधी मलाही.

२००५ ची आवृत्ती तीन तबकड्यांची आहे. मूळ अल्बमबरोबर डेमो, कार्यक्रमांतली ध्वनिमुद्रणे आणि त्या काळातल्या एका कार्यक्रमाचे चित्रीकरण. अशा आवृत्त्यांत पुष्कळदा भरताड असते. इथे मला पुरावा सापडला. मंचावर आवाजावर आवाज चढवण्याची सोय नाही, तरी ती आडवळणाची चाल जागच्या जागी उभी आहे. मी ज्याला स्टुडिओतली नक्षी समजत होतो, तो घराचा वासा निघाला.

वासा काढला की घर नव्याने बांधावे लागते. १९८७ मध्ये आर्च बाहेर पडला, रे आल्डर आला. ‘नो एक्झिट’ १९८८ चा, ‘परफेक्ट सिमेट्री’ १९८९ चा. दुसऱ्यात तर संगीत कोरडे, काटेकोर, मोजूनमापून बेतलेले. याला बँडची प्रौढता म्हणण्याची रीत आहे. माझे अनुमान वेगळे: तो आवाज गेल्यावर तशी रचना करण्याला अर्थच उरला नव्हता. आल्डर उत्तम गायक आहे, हा मुद्दा त्याच्या विरुद्ध नाही.

२०१६ मध्ये, तीस वर्षांनी, तेच पाच जण जर्मनीतल्या ‘कीप इट ट्रू’ आणि अटलांटातल्या ‘प्रोगपॉवर यूएसए’ महोत्सवांत एकत्र आले आणि त्यांनी हा अल्बम सबंध वाजवला. पुढल्या वर्षी त्याची ध्वनिमुद्रणे निघाली. मी ती लावतो, पण त्याआधी २००५ च्या आवृत्तीतले ते जुने चित्रीकरण एकदा पाहून घेतो.