सक्ती उठली, हजेरी राहिली

एनसीसीचा कायदा १९४८चा, कुंझरू समितीच्या शिफारशीवरून झालेला. प्रवेश ऐच्छिक. चीन युद्धानंतर, १९६३मध्ये, कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली. आता ज्याला परेड नकोच, त्याला मैदानावर आणणार कसं? हजेरी लावून! १९६८मध्ये सक्ती उठली.

आमच्या बॅचला सगळे हौसेने आलेले. तरी धाक रायफलचा नव्हता, हजेरीपटाचा होता. ‘सी’ सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. ते चांगल्या ग्रेडने मिळालं, तर पदवीनंतर लेखी परीक्षेशिवाय एसएसबीपर्यंत जाता येतं. माझ्या मैत्रिणीच्या भातकापणीत चार परेड बुडाल्या. ड्रिलमध्ये आमच्यात तीच पहिली. परीक्षेच्या यादीत तिचं नाव नव्हतं.