१९६६ एनसीएए पुरुष बास्केटबॉल स्पर्धा

१९६६ एनसीएए पुरुष बास्केटबॉल स्पर्धा ही अमेरिकेतील महाविद्यालयीन संघांची हंगामाअखेरची बाद पद्धतीची स्पर्धा होती. तीत २२ संघ सहभागी झाले. १९ मार्च १९६६ रोजी मेरीलँड राज्यातील कॉलेज पार्क येथे झालेल्या अंतिम सामन्यात टेक्सास वेस्टर्न महाविद्यालयाने केंटकी विद्यापीठाचा ७२-६५ असा पराभव केला. विजेत्यांचे प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स यांनी प्रारंभीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय उतरवले. अंतिम सामन्यात असे प्रथमच घडले. केंटकीचे सर्व खेळाडू श्वेतवर्णीय होते. त्या काळी दक्षिणेकडील अनेक विद्यापीठे कृष्णवर्णीयांना संघात स्थान देत नसत. वर्णभेदाची ही प्रथा मोडण्याच्या दृष्टीने हा विजय महत्त्वाचा मानला जातो. केंटकीने आपला पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू १९६९ मध्ये निवडला.