एका कोऱ्या जागेची किंमत

आमचे सायखेडा निफाड तालुक्यात, गोदावरीच्या काठी. पलीकडच्या तीरावर चांदोरी. नदीला आमच्याकडे गोदावरी कोणी म्हणत नाही. ती आमची गंगा. ऑगस्ट २०१९ मध्ये ही गंगा काठ सोडून गावात शिरली आणि आमच्या माळ्याखालच्या फडताळातली पणजोबांची वही भिजवून गेली.

वही मोडीतली. देणेघेणे, कांद्याचे वाफे, आणि मधूनच कोणत्या साली पाणी घाटाच्या कितव्या पायरीला लागले याची नोंद. मोडीची रीत वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल. आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग तिला अक्षरे टांगत जायचे. दोन शब्दांमध्ये कोरी जागा सोडण्याची पद्धतच नाही. कुठे शब्द तुटतो ते वाचणाऱ्याने ओळखायचे. आम्ही पाने वाळवली, एकेकाचे छायाचित्र घेतले आणि माझ्या जुन्या संगणकावर ‘वही’ नावाच्या कप्प्यात ठेवून दिली.

२०२१ च्या दिवाळीत पुतण्या पुण्याहून आला. त्याने या छायाचित्रांचे छापील पुस्तक करण्यासाठी आज्ञांची एक यादी लिहून आणली होती. ‘वही तात्पुरती’ नावाचा कप्पा करायचा, तिथे काम करायचे आणि शेवटी तो कप्पा पुसून टाकायचा. त्याच्या नव्या मॅकवर चार छायाचित्रांवर त्याने ती तपासलीही होती. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी त्याने ती माझ्या यंत्रावर चालवली. थोड्या वेळाने माजघरातून हाक आली, “काका, जरा येता का? वहीच गेली!”

काय झाले ते कळायला मला वेळ लागला नाही, कारण माझे उभे आयुष्य याच भानगडीत गेले. १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला, बँकांतून संगणक शिरू लागले, आणि त्या लाटेत मी मुंबईला युनिक्स शिकलो. त्याच सुमारास, १९८५ साली, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एका केंद्रातून राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र उभे राहिले होते. आम्हां तरुणांना तो विषय म्हणजे नवा वेदच वाटे.

युनिक्समध्ये माणूस यंत्राच्या गाभ्याशी थेट बोलत नाही. मध्ये एक दुभाष्या असतो. त्याला म्हणतात शेल, म्हणजे कवच. बाजार समितीत शेतकरी आणि व्यापारी यांच्यामध्ये जसा अडत्या, तसा हा. पहिले शेल १९७१ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी लिहिले. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचे शेल आले. बोर्न अल्गोल ६८ या भाषेत मुरलेले. म्हणून त्यांनी ‘इफ’ने उघडलेले वाक्य उलट्या ‘फाय’ने मिटवले आणि ‘केस’ला ‘एसॅक’ जोडला. त्या न्यायाने ‘डू’ला ‘ओडी’ हवा होता. पण त्या नावाची आज्ञा युनिक्समध्ये आधीच नांदत होती! मग तिथे बिचारा ‘डन’ आला. आजही नवशिके विचारतात, हे असे का? उत्तर एवढेच की घर बांधताना वाटेत झाड होते.

तिकडे बर्कलीत बिल जॉय यांनी सी-शेल लिहिले. त्याची बोली निराळी. बोर्नच्या शेलमध्ये नावाला किंमत देताना बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची नाही; सोडलीत तर ते नावालाच आज्ञा समजून शोधत सुटते. सी-शेलमध्ये आधी ‘सेट’ म्हणायचे, मग जागा खुशाल सोडा. १९८३ साली डेव्हिड कॉर्न यांचे शेल जगापुढे आले, १९८९ साली ब्रायन फॉक्स यांचे ‘बॅश’. त्या नावात बोर्न यांच्या पुनर्जन्माचा श्लेष आहे. १९९० साली पॉल फाल्स्टॅड यांचे झेड-शेल आले. बॅश यादी मोजताना शून्यापासून आरंभ करते, झेड-शेल एकापासून. बारा कोसांवर भाषा बदलते ती ही अशी.

आपल्याकडे मापांचे तरी काय वेगळे होते? मुंबईचा शेर निराळा, बंगालचा निराळा. १९५६ साली मापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, मग हळूहळू किलो आला. शेलांच्या जगातला तसा कायदा म्हणजे पॉसिक्स. त्याचा शेलांविषयीचा भाग १९९२ साली ठरला. सगळ्यांना समजेल अशी प्रमाणभाषा त्याने सांगितली. पण घरात आपापली बोली बोलायला कोणाला मनाई केली नाही.

आमची वही याच फटीतून पडली. बोर्नच्या घराण्यातले शेल एखाद्या नावामागची किंमत उलगडते तेव्हा कोऱ्या जागेवर तिचे तुकडे करते. पॉसिक्सनेही हीच रीत ठेवली. ती फाल्स्टॅड यांना पटली नाही. त्यांच्या शेलमध्ये तुकडे होत नाहीत. मॅकवर २०१९ पासून हेच झेड-शेल मुळात येते. माझ्या यंत्रावर उबुंटू. तिथे ‘एसएच’ म्हटले की २००६ पासून ‘डॅश’ नावाचे सडपातळ शेल उत्तर देते. यादीच्या पहिल्या ओळीत पुतण्याने झेड-शेलचे नाव घातले होते. पण ‘एसएच’ म्हणून यादी हाती दिली की ती ओळ नुसती टीप ठरते. डॅशने ‘वही तात्पुरती’ असे वाचले नाही. त्याने वाचले ‘वही’ आणि ‘तात्पुरती’, आणि दोन्ही पुसली. आधीच्या ओळींनी कुरकुर केली होती. पण थांब म्हणून सांगितले नसेल तर शेल कुरकुर करून पुढे चालते.

उपाय केवढा? नावाच्या दोहों बाजूंना अवतरणचिन्हे. चार टिंबांएवढी शाई!

पोर दोन दिवस नीट जेवले नाही. आईने, म्हणजे त्याच्या आजीने, शेवटी फडताळ उघडून वहीच त्याच्या मांडीवर ठेवली. “कागद आहे ना अजून? मग परत काढ.” लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आम्ही तिघे ओसरीवर बसलो. मी पान उलटायचे, तिने कडा धरायची, त्याने चित्र घ्यायचे. मधल्या दोन वर्षांत अकरा पाने एकमेकांना चिकटून लगदा झाली होती. ती सुटली नाहीत. त्यांत कोणत्या सालचा पूर होता, हे आता आमच्या घरात कोणाला सांगता येणार नाही.

संध्याकाळी पाटावर नव्या वहीशेजारी जुनी ठेवून पूजा केली. पुतण्याने नव्या यादीत अवतरणचिन्हे घातली, पहिल्याच ओळीनंतर चूक होताच थांबण्याची आज्ञा लिहिली, आणि छायाचित्रांच्या तीन प्रती तीन घरी ठेवल्या. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, “काका, मला मोडी शिकवाल?” आम्ही त्याच रात्री रेघ ओढायला बसलो.