खेळण्यांच्या एका दुकानाची बखर

दिवाळीला आठ दिवस उरले की आमच्या धायरीत मुलांचे किल्ले उभे राहू लागतात. माती, विटा, जुने गोणपाट आणि वर पेरलेले अळीव एवढ्या भांडवलावर गड तयार होतो. खरा सिंहगड पाठीशी असल्यामुळे येथील मुलांना नमुन्याची वाण नाही. गेल्या वर्षी आमच्या नातवाने बुरुजांवर कुंभाराकडचे मातीचे मावळे मांडले आणि महादरवाजात, पहारेकरी म्हणून, एक लोकरी अस्वल बसवले. अस्वल आले होते एका लाल पिशवीतून आणि पिशवीवर नाव होते हॅम्लेज. आम्ही नाक मुरडले, तेव्हा शेजारचे गृहस्थ हसून म्हणाले, "अहो, ते दुकान आता आपलेच आहे!"

'आपलेच' या शब्दाने आम्हांला विचारात पाडले. दुकान आपले म्हणजे नेमके काय आपले? उत्तर शोधायचे तर त्या दुकानाची बखर मुळापासून वाचावयास हवी.

१७६० हे साल मराठी माणसाला विसरता येण्याजोगे नाही. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाचा पराभव केला, आणि मग फौजा उत्तरेकडे वळल्या. पुढच्या जानेवारीत पानिपत झाले. त्याच १७६० साली, कॉर्नवॉल प्रांतातील बॉडमिन गावच्या विल्यम हॅम्ले याने लंडनच्या हाय होबर्न रस्त्यावर खेळण्यांचे दुकान मांडले. दुकानाला नाव दिले 'नोआची नौका'. बायबलातील जलप्रलयात प्राण्यांच्या जोड्या जिने तारल्या, ती ही नौका. या नौकेलाही पुढे बरेच प्रलय पाहावे लागणार होते.

पिढ्यामागून पिढ्या दुकान हॅम्ले घराण्यातच राहिले. १८८१ साली, म्हणजे इकडे पुण्यात 'केसरी' निघाला त्या वर्षी, त्यांनी रीजंट रस्त्यावर शाखा उघडली. टेबल टेनिसचा खेळ 'पिंगपाँग' या नावाने घरोघर गेला, त्यातही या घराण्याच्या पेढीचा हात होता. १९०१ मध्ये होबर्नचे दुकान आगीत जळाले, तेव्हा त्यांनी त्याच रस्त्यावर नवे दुकान थाटले. परंतु आगीतून वाचलेले घराणे मंदीतून वाचले नाही. जगभर व्यापार बसला होता, आणि १९३१ साली दुकानाला टाळे लागले.

ते टाळे उघडले वॉल्टर लाइन्स याने. हा मनुष्य मूळचा दुकानदार नव्हे, तर कारखानदार. विल्यम, वॉल्टर आणि आर्थर हे तीन लाइन्स बंधू खेळणी बनवीत. 'लाइन' म्हणजे रेघ. तीन रेघांचा त्रिकोण होतो, म्हणून त्यांनी आपल्या मालाला 'ट्रायअँग' हे नाव दिले होते. खेळणी घडविणाऱ्याच्या हाती खेळण्यांचे दुकान आले आणि ते पुन्हा उभे राहिले. १९३८ साली राणी मेरीने त्याला राजघराण्याचे मानपत्र दिले. दुसऱ्या महायुद्धात त्या इमारतीवर पाच वेळा बाँब पडले. नोकर डोक्यावर लोखंडी टोप घालून दारातच उभे राहत आणि गिऱ्हाइकाने मागितलेले खेळणे आतून आणून देत. या सबंध बखरीत आम्हांला सर्वांत आवडतो तो हाच प्रसंग.

१९७१ साली लाइन्स बंधूंची पेढीच कोसळली. येथून पुढे दुकानाचा इतिहास म्हणजे खरेदीखतांचा इतिहास. मोठमोठ्या कंपन्यांच्या हातांतून ते शेअर बाजारात आले. २००३ मध्ये ते आइसलंडच्या बाउगुर कंपनीने घेतले. २००८ साली त्या चिमुकल्या देशाच्या बँका बुडाल्या, पाठोपाठ बाउगुरही बुडाली, आणि मुलांच्या बाहुल्यांची मालकी लांड्सबांकी या मोडक्या बँकेकडे गेली. २०१२ मध्ये फ्रान्सच्या ल्युदांदो कंपनीने सहा कोटी पौंडांना ते विकत घेतले. २०१५ मध्ये चीनच्या सी. बॅनर या, बायकांच्या पादत्राणांचा व्यापार करणाऱ्या, कंपनीने दहा कोटी पौंड मोजले. आणि २०१९ साली मुंबईच्या रिलायन्सने ते सुमारे ६ कोटी ८० लाख पौंडांना, म्हणजे आपल्या ६२० कोटी रुपयांना, खरेदी केले. त्या वेळी १८ देशांत मिळून १६७ दुकाने होती. त्यांपैकी भारतातली, २९ शहरांतील ८८ दुकाने, रिलायन्स परवान्यावर आधीपासून चालवीत होती. पहिले २०१० साली मुंबईत निघाले होते.

सोळा वर्षांत इतके मालक! या सर्वांनी विकत काय घेतले? लंडनच्या दुकानाखालची जमीन नव्हे. रीजंट रस्ता बहुतेक सगळा क्राउन इस्टेटचा. घेतले ते मुख्यतः एक नाव. बॉडमिनच्या एका दुकानदाराचे आडनाव, पिढ्यान् पिढ्या मुलांनी आनंदाने उच्चारले म्हणून किमती झालेले.

ज्या देशाच्या व्यापाऱ्यांनी आपल्यावर राज्य केले, त्यांचे नावाजलेले दुकान मुंबईच्या पेढीने घ्यावे, याने छाती थोडी फुगली तर आम्ही दोष देणार नाही. पण मालकी आली म्हणजे कसब आले, असे नव्हे. सरकारने २०२० मध्ये परदेशी खेळण्यांवरील जकात २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेली आणि २०२१ पासून खेळण्यांना गुणवत्तेची खूण सक्तीची केली. नोंदलेल्या हस्तकारागिरांना त्यातून सूट ठेवली. २०२२ मध्ये रिलायन्सने इटलीच्या प्लास्टिक लेन्यो कंपनीच्या भारतातील खेळण्यांच्या धंद्यात ४० टक्के भाग घेतला. दुकानदाराची पावले कारखान्याकडे वळली, हे सुचिन्हच म्हणावयाचे. वॉल्टर लाइन्स कारखान्याकडून दुकानाकडे आला होता.

परंतु आमची कसोटी निराळी आहे. सावंतवाडीच्या चितारआळीत आजही हलक्या लाकडाची रंगीत फळे आणि खेळणी बनतात. तेथील राजवाड्यात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी गंजिफा आणि लाखकामाची कला मरता मरता जगविली. ज्या दिवशी चितारआळीचा कारागीर आपल्या नावानिशी रीजंट रस्त्यावरच्या त्या फळ्यांवर बसेल, त्या दिवशी शेजाऱ्यांचे 'आपलेच' आम्ही पदरी घेऊ. तोवर खरेदीखत आपले, एवढेच खरे.

असो. भाऊबीज झाली आणि धायरीचे किल्ले पावसाच्या एका सरीने विरघळले. नातवाने अस्वल उचलून घरात आणले, झटकले आणि कपाटात ठेवले. ते महाग होते ना! मावळे मात्र मातीतच राहिले. त्यांच्यावर कुणा पेढीचे नाव नव्हते आणि ज्याने ते घडविले त्याचेही नव्हते. यंदा त्या कुंभाराकडे गेलो, तेव्हा प्रथमच आम्ही त्याचे नाव विचारले.